वाण नाही पण गुण लागला: ओव्हरीच्या कॅन्सरमधल्या शेजारी पेशींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मॅलिनच्या डब्यात जे येतं ते कापायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे माझं काम. पेशंटशी आमची भेट क्वचितच होते. होते ती रिपोर्ट न्यायला आलेल्या मुलीशी, जावयाशी, नाहीतर धाकट्या भावाशी. रिपोर्टातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून ते काउंटरवरच विचारतात, "मॅडम, हे काय आहे?" रिपोर्ट आम्ही डॉक्टरांसाठी लिहितो, घरच्यांसाठी नाही, ही आमचीच चूक.

ओव्हरीच्या, म्हणजे बीजांडकोशाच्या कॅन्सरबद्दल पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातले बरेचसे फिरून एकाच जागी येतात: गाठीच्या आजूबाजूच्या, स्वतः कॅन्सर नसलेल्या पेशींपाशी. उपचार ठरवायचे ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनी. इथलं वाचून एकही गोळी सुरू किंवा बंद करू नका.

रिपोर्टमध्ये 'स्ट्रोमा' असा शब्द आहे. हा आणखी वेगळा आजार आहे का?

नाही. गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडीसाखरेच्या खड्यासारखं काहीतरी येतं, आतून बाहेरून सगळं एकच. काचपट्टीवर तसं दिसत नाही. जांभळ्या, गडद, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशींची बेटं दिसतात, त्या कॅन्सरच्या. आणि बेटांच्या मधून फिकट गुलाबी पट्टे गेलेले असतात. तो गुलाबी भाग म्हणजे स्ट्रोमा. त्यात धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात, रक्तवाहिन्या असतात, चरबीच्या पेशी असतात, आणि संरक्षणासाठी आलेल्या पांढऱ्या पेशीही असतात. काही गाठींत तर गुलाबीच जास्त आणि जांभळं कमी. शिकत असताना मी नजर जांभळ्यावर ठेवायची आणि गुलाबी ओलांडून पुढे जायची. शिकवणारेही तसंच करायचे.

मग त्या शेजारच्या पेशीसुद्धा कॅन्सरच्या झाल्या म्हणायच्या का?

यावर माझ्या आजीची एक म्हण आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

अगदी शब्दशः असंच आहे. ओव्हरीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे हाय-ग्रेड सीरस कार्सिनोमा. अमेरिकेत २०११ साली या प्रकारच्या शेकडो गाठींची जनुकीय छाननी प्रसिद्ध झाली. त्यात ९६ टक्के गाठींमध्ये टीपी५३ हे जनुक बिघडलेलं सापडलं. म्हणजे कॅन्सरच्या पेशीचं वाणच बदललेलं असतं. याउलट २००८ साली स्तनाच्या आणि ओव्हरीच्या गाठींमधले फायब्रोब्लास्ट वेगळे काढून तपासले गेले, तेव्हा त्यांच्या जनुकांत तसे बिघाड मिळाले नाहीत. वाण जसंच्या तसं, वागणं मात्र पार बदललेलं. शेजारच्या गाठीकडून येणारे रासायनिक निरोप ऐकून ऐकून त्या तशा झाल्या.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. वाण बिघडलेल्या पेशीला माघारी आणता येत नाही, तिला मारावंच लागतं. गुण लागलेल्या पेशीला निदान तत्त्वतः तरी परत वळवता येतं.

या फायब्रोब्लास्ट पेशी नेमकं करतात काय?

सुरी लागून बोट कापलं, की जखम भरून काढायला ज्या धावतात त्या याच. एरवी त्या सुस्त पडून असतात. जखम झाली की जाग्या होतात, कोलॅजनचे धागे विणतात, कडा ओढून जवळ आणतात, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं धाडतात. जखम भरली की काम संपलं, काही मरतात, बाकीच्या पुन्हा सुस्तावतात.

गाठीच्या शेजारी हे काम संपतच नाही. हॅरॉल्ड ड्व्होराक या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी १९८६ साली मांडलं, की कॅन्सरची गाठ म्हणजे न भरणारी जखम. मला हे वर्णन अजून कुणी मागे टाकलेलं दिसलं नाही. कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटासारखे निरोप सोडत राहतात, फायब्रोब्लास्टना वाटतं जखम अजून ओलीच आहे, आणि त्या विणत राहतात. धागे साचून ऊती कडक होते. ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या बोटांना जे दगडासारखं लागतं, त्यातला बराचसा कडकपणा या धाग्यांचा असतो, कॅन्सरच्या पेशींचा नव्हे. कडक झालेल्या धाग्यांना धरून कॅन्सरच्या पेशी पुढे सरकतात. शिवाय फायब्रोब्लास्ट आयएल-६ आणि सीएक्ससीएल१२ यांसारखी प्रथिनं बाहेर टाकतात. त्यातून गाठीला वाढायचा इशारा मिळतो आणि संरक्षक पेशींची दिशाभूल होते.

सगळे फायब्रोब्लास्ट एकाच ठिकाणचे नसतात, हेही सांगते. काही तिथलेच, काही चरबीतल्या मूळपेशींपासून (स्टेम सेल) तयार झालेले. काही तर पोटाच्या आतल्या अस्तराच्या पेशी असतात, त्या आपलं रूप टाकून फायब्रोब्लास्टसारख्या वागायला लागतात.

कॅन्सर ओव्हरीचा, मग ऑपरेशनमध्ये पोटातला चरबीचा पडदा का काढला?

काउंटरवरचा हा सगळ्यात नेहमीचा प्रश्न. रिपोर्टमध्ये 'ओमेंटम' लिहिलेलं असतं, आणि घरच्यांना वाटतं भलताच अवयव काढला.

ओमेंटम म्हणजे जठराच्या खालच्या कडेपासून आतड्यांवर एप्रनसारखा लोंबणारा चरबीचा पडदा. सर्जन लोक त्याला पोटातला पोलीस म्हणतात. अपेंडिक्स सुजलं, आतड्याला भोक पडलं, की हा तिकडे जाऊन चिकटतो आणि संसर्ग वेढून टाकतो. पण ओव्हरीच्या कॅन्सरच्या बाबतीत पोलीस चौकीतच चोराची सोय होते. या आजारात गाठीपासून सुटलेल्या पेशी पोटातल्या द्रवाबरोबर फिरतात आणि सर्वांत जास्त वेळा रुजतात त्या ओमेंटमवर.

इथेच का? लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली, स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळून असाच प्रश्न विचारला होता. त्यांचं उत्तर होतं बी आणि जमीन: बी सगळीकडे पडतं, पण उगवतं ते मानवेल त्या मातीतच. शिरूरकडच्या एका काकांना मी हे सांगत होते, तर मला अर्ध्यावर तोडून ते म्हणाले, "म्हणजे खडकावर ज्वारी येत नाही, एवढंच ना?" एवढंच.

ओमेंटमची जमीन का मानवते हे २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या अर्न्स्ट लेंगिएल यांच्या गटाने दाखवलं. चरबीच्या पेशी आयएल-८ सारखी प्रथिनं सोडतात, त्याच्या ओढीने कॅन्सरच्या पेशी तिकडे जातात. ही झाली आमंत्रणाची गोष्ट. खरी मेजवानी पुढे. शेजारी येऊन बसलेल्या कॅन्सरच्या पेशी चरबीच्या पेशीला साठवलेली चरबी फोडायला लावतात आणि सुटलेली मेदाम्लं स्वतः आत घेऊन जाळतात. त्या देवाणघेवाणीत एफएबीपी४ नावाचं एक वाहक प्रथिन लागतं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये गाठी फारच कमी वाढल्या. सदाशिव पेठेत राहून शिकलेल्यांना सांगायचं तर ओमेंटम ही गाठीची खानावळ आहे. महिन्याचे पैसे मात्र ती देत नाही, उलट खानावळवालाच वाळत जातो. आमच्या काचपट्टीवरही तेच दिसतं. गाठीपासून लांब चरबीच्या पेशी टपोऱ्या, गाठीला लागून असलेल्या आकसलेल्या, आणि त्यांच्या जागी तंतूच तंतू.

२०१४ साली अनिल सूद यांच्या ह्यूस्टनमधल्या गटाने आणखी एक गंमत दाखवली. दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं आणि एकालाच कॅन्सर दिला, तरी दुसऱ्याच्या ओमेंटमवर गाठी आल्या. म्हणजे पोटातल्या द्रवाची वाट बंद असली तरी रक्तातून जाऊनसुद्धा पेशींनी तीच जमीन शोधली.

तेव्हा ओमेंटम काढणं चूक नाही. आजार तिथे आहे का हे कळावं आणि असेल तर तो निघावा, म्हणून ते काढतात. त्याच्याशिवाय माणूस व्यवस्थित जगतो.

आई तर अगदी काडीसारखी आहे. तिच्या पोटात कुठून आली चरबी?

ओमेंटममध्ये बारीक माणसाच्याही चरबी असते. आईच्या वजनामुळे हे झालं की काय, असा विचार करून स्वतःला किंवा तिला दोष देऊ नका.

मग गाठीची उपासमार करायला साखर, तेल, तूप बंद करू का?

नको. गाठ ज्या चरबीवर जगते ती आजच्या पोळीवरच्या तुपातून येत नाही, शरीरात आधीच साठलेली असते. साखर बंद केली तर ती चरबी जाळेल, चरबी कमी पडली तर आणखी काही. उपाशी राहील ती पेशंटच. पोटात पाणी होतं तेव्हा त्या पाण्याबरोबर प्रथिनंही जातात, केमोमध्ये जेवण जात नाही, आणि अशा वेळी घरातलं कुणीतरी व्हॉट्सॲपवर वाचून भात आणि दूध बंद करतं. मला याचा मनापासून राग येतो. वरणभात, अंडं, पनीर, मासे, जे चालत असेल आणि जाईल ते द्या. मधुमेह असेल तर अर्थातच त्याचं पथ्य वेगळं, ते डॉक्टरांना विचारून.

मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी कॅन्सरसाठी घ्यावी का, असंही बरेच जण विचारतात. तिच्यावर अभ्यास झाले आहेत, पण मधुमेह नसताना केवळ ओव्हरीच्या कॅन्सरसाठी ती द्यावी असं ठरण्याइतका पुरावा जमलेला नाही.

पोटात पाणी का होतं? आणि काढलं तरी पुन्हा का भरतं?

आपल्या पोटाच्या पोकळीत थोडासा द्रव कायमच असतो. तो सतत झिरपतो आणि मुख्यतः श्वासपटलाखालच्या लसिकावाहिन्यांतून परत शोषला जातो. जलोदरात दोन्हीकडून बिघाड होतो. कॅन्सरच्या पेशी त्या वाहिन्यांची तोंडं बुजवतात, म्हणजे निचरा बंद. आणि दुसरीकडे झिरपणं वाढतं.

झिरपणं का वाढतं, याचा शोध मोठा मनोरंजक आहे. १९८३ साली डोनाल्ड सेंगर आणि वर सांगितलेले ड्व्होराक यांना गाठी असलेल्या प्राण्यांच्या पोटातल्या पाण्यात एक प्रथिन मिळालं. ते रक्तवाहिन्या गळक्या करत होतं. पुढे कळलं की नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारं प्रथिनही तेच. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. ओव्हरीच्या गाठी आणि त्यांच्या शेजारच्या पेशी हे भरपूर तयार करतात. नळ बंद केल्याशिवाय पाणी उपसत राहिलं तर टाकी पुन्हा भरणारच. म्हणून सुई घालून पाणी काढल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पोट पुन्हा फुगू शकतं आणि केमो लागू पडली की आपोआप उतरतं.

ते पाणी नुसतं पाणी नसतं. त्यात कॅन्सरच्या पेशी गोळ्या करून तरंगत असतात, सोबत मॅक्रोफेज, फायब्रोब्लास्ट, अस्तराच्या सुटलेल्या पेशी. एकेकट्या पेशीपेक्षा असा गोळा चिवट असतो, आणि औषधही त्याच्या आतपर्यंत नीट पोहोचत नाही.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडे ती वारंवार घडते. पोटात पाणी आणि रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन वाढलेलं, म्हणजे कॅन्सरच, असं नाही. पोटाच्या टीबीतही हुबेहूब असंच चित्र दिसतं. तुकडा तपासल्याशिवाय कुणीही निदान पक्कं करू नये, आणि घरच्यांनीही तोवर रडारड करू नये.

सीए-१२५ कॅन्सरच्या पेशी बनवतात ना? मग टीबीत ते का वाढतं?

कारण पोटाच्या आतल्या अस्तराच्या पेशीही ते बनवतात. अस्तराला सूज आली, मग ती टीबीने असो, एन्डोमेट्रिओसिसने असो, नाहीतर ऑपरेशननंतरची असो, आकडा चढतो. पाळीच्या दिवसांतही थोडा वर जातो. नावातला १२५ हा आकडा मर्यादेचा नाही. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन ओळखणारी जी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केली, त्यातल्या उपयोगी पडलेल्या प्रतिपिंडाचा तो क्रमांक. नेहमीची मर्यादा ३५ धरतात.

हे अस्तर एकाच पेशीइतक्या जाडीचं असतं, शहाबादी फरशीसारखं एकाला एक लागून. कॅन्सरच्या पेशींवरचं सीए-१२५ या अस्तरावरच्या मेसोथेलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. रक्तात आपण मोजतो तो पदार्थ पेशीच्या अंगावर असताना एक प्रकारचा गोंद असतो! एकदा चिकटलं की पेशींचा गोळा जोर लावून फरश्या बाजूला सारतो आणि खालच्या कोलॅजनवर बस्तान बसवतो. सुरुवातीला हे अस्तर चांगला अडसर असतं. पण कॅन्सरच्या सहवासात तेही फायब्रोनेक्टिनसारखी चिकट प्रथिनं बनवायला लागतं. पवळ्याची गोष्ट पुन्हा.

सीबीसीमध्ये प्लेटलेट्स खूप जास्त आल्यात. डेंग्यूत तर कमी होतात, मग जास्त असणं चांगलंच ना?

पुण्यात दर पावसाळ्यात प्लेटलेट्स हा घरोघरचा शब्द होतो, त्यामुळे हा प्रश्न मला कळतो. पण इथे जास्त म्हणजे चांगलं नव्हे. २०१२ साली ओव्हरीच्या कॅन्सरच्या ६१९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ३१ टक्के स्त्रियांच्या प्लेटलेट्स निदानाच्या वेळीच साडेचार लाखांच्या वर होत्या, आणि त्यांचा आजार जास्त कठीण गेला. कारण असं: गाठ आयएल-६ सोडते, यकृत ते ऐकून प्लेटलेट्स वाढवणारं संप्रेरक बनवतं, आणि वाढलेल्या प्लेटलेट्स पुन्हा गाठीलाच खतपाणी घालतात. म्हणजे शेजार कधी कधी फार लांबचाही असतो, थेट यकृत आणि अस्थिमज्जेपर्यंत. मनाने ॲस्पिरिन मात्र सुरू करू नका.

आपली प्रतिकारशक्ती काय करत असते? ती वाढवायला काढा दिला तर?

प्रतिकारशक्ती तिथे हजर असते. तिच्यातले काही गाठीच्या विरोधात असतात, काही फितूर झालेले.

फितुरांत सगळ्यात मोठा गट मॅक्रोफेजचा. या मूळच्या भक्षक पेशी, जंतू आणि कचरा गिळणाऱ्या. त्यांची दोन टोकं कल्पा: एक लढणारं, एक जखम भरणारं. ओव्हरीच्या गाठीत आणि जलोदरात त्या बहुतांशी दुसऱ्या टोकाकडे झुकलेल्या असतात. त्या गाठीला रक्तवाहिन्या मिळवून देतात आणि टी-पेशींना, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशींना, गप्प बसवतात.

टी-पेशी मात्र आत शिरल्या तर फरक पडतो. २००३ साली प्रगत अवस्थेतल्या १८६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीच्या बेटांमध्ये टी-पेशी होत्या त्यांच्यापैकी ३८ टक्के स्त्रिया पाच वर्षं जगल्या, आणि नव्हत्या त्यांच्यापैकी साडेचार टक्के. हे आकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या उपचारांचे आहेत, आपल्या माणसाला लावून बघू नका. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो 'बेटांमध्ये' हा शब्द. अनेक गाठींत टी-पेशी गुलाबी पट्ट्यापर्यंत येतात आणि तिथेच अडकून बसतात, दारात चपला काढून उंबऱ्याबाहेर थांबलेल्या पाहुण्यांसारख्या.

यामुळेच नुसत्या इम्युनोथेरपीने, म्हणजे टी-पेशींना पुन्हा लढायला लावणाऱ्या औषधांनी, ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये निराशा केली. त्यातलं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध एकटंच देऊन ३७६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत गाठ लक्षणीय आकसली ती सुमारे ८ टक्के जणींत. आता ते इतर औषधांच्या जोडीने देऊन पाहतात.

काढ्याबद्दल. अडचण प्रतिकारशक्ती कमी असण्याची नाहीच, ती आत शिरू न शकण्याची आहे. काढ्याने दार उघडत नाही. आणि काही काढे, भस्मं, गुळवेलीच्या गोळ्या यकृताला त्रास देतात. तसं झालं तर केमो पुढे ढकलावी लागते. देताच असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

पहिल्या केमोने गाठ जवळजवळ गेली होती. मग दोन वर्षांनी परत कशी आली?

हा प्रश्न विचारताना माणसं हळू आवाजात बोलतात, जणू काही त्यांच्याच हातून काही राहून गेलं. तसं नसतं. काही पेशी पहिल्यापासून चिवट असतात, काही नव्या बिघाडांनी चिवट होतात, आणि काहींना शेजारी वाचवतात.

शेजारी कसे वाचवतात याचं एक उदाहरण २०१६ साली मिशिगन विद्यापीठातल्या गटाने उलगडलं. ओव्हरीच्या कॅन्सरची मुख्य केमो प्लॅटिनमची, म्हणजे सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन. फायब्रोब्लास्ट पेशी सिस्टीन आणि ग्लुटाथायोन बाहेर सोडतात. गाठीतल्या पेशी ते उचलतात आणि त्याच्या बळावर आत आलेलं प्लॅटिनम निकामी करतात. घरच्या चोराला शेजाऱ्याने लपवावं तसं. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही होती: टी-पेशी सोडत असलेला इंटरफेरॉन गॅमा हा रासायनिक निरोप ही मदत तोडून टाकतो. म्हणजे एका शेजाऱ्याने केलेलं दुसरा शेजारी निस्तरू शकतो.

ऑपरेशनच्या आधी तीन केमो झाल्या असतील, तर माझ्यासारखे पॅथॉलॉजिस्ट ओमेंटम बघून १, २ किंवा ३ असा गुण देतात. रिपोर्टमध्ये 'सीआरएस' लिहिलेलं असेल ते हेच. १ म्हणजे फारसा परिणाम नाही, ३ म्हणजे जवळजवळ काही उरलं नाही. इथे जास्त गुण चांगले, शाळेसारखेच. ३ गुणांच्या काचपट्टीवर काय दिसतं? कॅन्सरच्या पेशी गेलेल्या, आणि त्यांच्या जागी व्रण, फेसाळ दिसणाऱ्या मॅक्रोफेजचे थवे, कॅल्शियमचे बारीक कण. लढाई संपल्यावर शेजारीच उरलेले असतात, आवराआवर करत. आयुष्यभर मी कॅन्सर शोधायला काचपट्टी लावली, आणि आनंद होतो तो शोधूनही न सापडल्यावर.

सगळा घोळ शेजाऱ्यांचा आहे, तर त्यांनाच मारणारं औषध का देत नाहीत?

देऊन पाहिलं, आणि अंगाशी आलं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये स्ट्रोमा फार दाट असतो. तो विरळ करण्यासाठी हेजहॉग नावाचा निरोप अडवणारं एक औषध केमोबरोबर दिलं, तर औषध घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा वाईट झाली. २०१२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. पुढे २०१४ साली उंदरांमध्ये फायब्रोब्लास्ट नाहीसे करून पाहिले, तेव्हा गाठी अधिकच आक्रमक झाल्या. म्हणजे याच पेशी गाठीला मदतही करत होत्या आणि कुंपण घालून आवरूनही धरत होत्या. सगळेच पवळे बिघडलेले नसतात.

त्यामुळे आता रोख मारण्यापेक्षा वळवण्याकडे आहे. लेंगिएल यांच्याच गटाने २०१९ मध्ये दाखवलं की एनएनएमटी नावाचं एक विकर (एन्झाइम) फायब्रोब्लास्टना बिघडलेल्या अवस्थेत टिकवून ठेवतं, आणि प्रयोगशाळेत ते रोखलं तर त्या बऱ्याच अंशी मूळपदावर येतात. वाण बिघडलेलं नाही, याचा हा फायदा.

आज प्रत्यक्ष दवाखान्यात मिळणारं, शेजारावर काम करणारं मुख्य औषध बेव्हॅसिझुमॅब. ते व्हीईजीएफला पकडतं. नवीन वाहिन्या फुटणं मंदावतं आणि पोटातलं पाणीही कमी होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत केमोबरोबर आणि नंतरही ते चालू ठेवल्यावर आजार पुन्हा डोकं वर काढेपर्यंतचा मध्यम काळ १०.३ महिन्यांवरून १४.१ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य मात्र सरसकट सगळ्यांचं वाढलं नाही. ज्यांचा आजार जास्त पसरलेला, पाणी जास्त, त्यांना त्याचा फायदा अधिक. आपल्याकडे त्याची तुलनेने स्वस्त देशी रूपंही मिळतात. रक्तदाब वाढणं, लघवीतून प्रथिनं जाणं, जखम उशिरा भरणं हे त्याचे त्रास. शेवटचा लक्षात ठेवा, दात काढायचा असला तरी आधी सांगावं लागतं. आतड्याला भोक पडणं क्वचित, पण गंभीर.

लो-ग्रेड सीरस हा वेगळा, हळू वाढणारा प्रकार. त्यात केआरएएस जनुक बिघडलेलं असून आजार परत आला असेल, तर अमेरिकेत मे २०२५ मध्ये दोन गोळ्यांच्या जोडीला मान्यता मिळाली. त्यातली डिफॅक्टिनिब ही गोळी पेशीची बाहेरच्या धाग्यांवरची पकड सांभाळणाऱ्या प्रथिनाला रोखते. शेजारावरचं संशोधन असं थोडंथोडं गोळीच्या डबीत येत आहे.

या शेजारी पेशींची वेगळी टेस्ट करून घेऊ का?

सध्या नको. २०११ च्या त्याच अमेरिकन छाननीत गाठींचे चार गट पडले होते. त्यातला एक, मेसेन्कायमल, पुढे नीट पाहिल्यावर कळलं की तो बऱ्याच अंशी गाठीतल्या स्ट्रोमाच्या प्रमाणामुळे वेगळा दिसत होता. माहिती म्हणून छान, पण त्यावरून रोजच्या उपचारात काही बदलत नाही. पैसे खर्चायचेच तर बीआरसीए (आनुवंशिक धोका सांगणारी जनुकं) आणि एचआरडी (गाठीच्या पेशींची डीएनए दुरुस्त करायची क्षमता बिघडली आहे का) या तपासण्यांवर खर्चा. त्यावरून ओलापॅरिबसारखी गोळी लागू पडेल का ते ठरतं, आणि लेकीबाळींना धोका आहे का तेही कळतं.

पुण्यात यावर कुणी काम करतं का?

हो. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, सगळे एनसीसीएस म्हणतात. १९८६ साली सुरू झालेली ही संस्था देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवते. इथल्या डॉ. शर्मिला बापट यांच्या गटाने २००५ साली ओव्हरीच्या कॅन्सरमधल्या मूळपेशींबद्दलचं काम प्रसिद्ध केलं. त्या पेशी मिळाल्या होत्या रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातूनच. ते काम जमिनीपेक्षा बियाण्याबद्दलचं जास्त, पण या विषयात जगभर त्याचा उल्लेख होतो. औंधला जाताना त्या गेटवरून आपण शेकडो वेळा गेलेलो असतो.

आईच्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी मागितला आहे. आणि मुंबईलाही दाखवायचं आहे. दोन्ही कसं जमणार?

जमतं. ऑपरेशनमध्ये निघालेलं सगळं आम्ही वापरत नाही. निदानाला लागेल तेवढं घेऊन उरलेलं देता येतं. संशोधनासाठी वेगळं संमतिपत्र असतं, ते वाचून सही करा, नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडत नाही. शेजारी पेशींवरचं काम तर ताज्या ओमेंटमशिवाय होतच नाही, बाटलीत वाढवलेल्या एकाच जातीच्या पेशींना शेजार कुठून असणार?

मुंबईला टाटाला दुसरं मत घ्यायचं, तर लॅबमधून काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक (गाठीचे तुकडे ज्यात बसवून ठेवतो ते) दोन्ही मागून घ्या. नुसता रिपोर्ट नेलात तर परत पाठवतील. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच काउंटरवर ताडून बघा, आणि किती ब्लॉक घेतले ते लिहून घ्या. शिवनेरी बसने जात असाल तर ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत टाकू नका. आणि मे महिन्यात स्वतःच्या गाडीने निघालात, तर वाटेत वडापाव खायला उतरताना ते डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका. आमचं मेण साठ अंशांच्या आतच वितळतं, आणि उन्हात उभ्या गाडीत काचेखाली तेवढं तापमान सहज होतं.